ट्रॅक्टरचा खांदा

ट्रॅक्टर आतून ठोकायला लागला तेव्हा मला राग आला नाही, की भीतीही वाटली नाही. मनात एवढंच आलं, चला, हाही चालला.

बनुबाई, माझी बायको, चैत्रात गेली. कावीळ झाली होती. गळ्यात माळ घातली, पथ्य पाळलं, शेवटी नगरला दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. त्या साली पाऊसही आला नाही. मृगात थोड्या सरी पडल्या, तेवढ्यावर लोकांनी बाजरी पेरली आणि ती वीतभर होऊन वाळली. आमच्या विहिरीत तळाला जे पाणी राहिलं ते माणसांना आणि एका गाईला पुरत होतं. बागेला काही उरत नव्हतं.

बाग मोसंबीची. वस्तीच्या मागं, उतारावर. ती बनुबाईची. खड्डे मी खणले, पण पहिले दोन उन्हाळे कमरेवर घागर घेऊन एकेका रोपाला पाणी तिनं घातलं. औंदा झाडांना चांगलं फळ धरलं होतं. ते बघायला तीच नव्हती.

पाटाला अजून पाणी सुटत होतं. आमची वस्ती पाटाच्या वरच्या अंगाला, चढावर, म्हणून ते पाणी आमच्या रानात आपोआप येत नाही. पाटकऱ्याला विनवून मी टाकी भरून आणत होतो. ट्रॉलीवर लोखंडी टाकी, पुढं ट्रॅक्टर. बादलीनं टाकी भरायची, चढ चढून यायचं, झाडांच्या आळ्यांत ओतायचं, परत खाली जायचं. दिवस त्यात निघून जायचा आणि तेच बरं होतं. अंग दमलं की झोप यायची.

ट्रॅक्टर जुना. विलायती, लहान, बसकट. एका बागायतदारानं नवा मोठा घेतला तेव्हा हा त्याच्या शेडमध्ये कोंबड्या बसायला उरला होता. मी बैलजोडी विकून तो आणला. पेट्रोलवर चालू करायचा आणि इंजिन गरम झालं की रॉकेलवर टाकायचा. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा मी आणला तेव्हापासूनच मेलेला. त्यामुळं तो ऐकून चालवायचा.

पण माझे कान त्याच्याच आवाजानं गेले. जाड आवाज येतो. बारीक आवाज, म्हणजे चिमणी, बांगडी, शिट्टी, हे कधी बंद झालं ते मला कळलंसुद्धा नाही. बनुबाईला कळलं होतं. मी पाटाकडून चढ चढायला लागलो की ती चुलीपाशी बसून ऐकायची. ट्रॅक्टर बाभळीच्या वळणावर आला की तवा ठेवायचा, हा तिचा हिशेब. आणि मी दारात उतरलो की म्हणायची, "आज कन्हतोय तुमचा ट्रॅक्टर." मी म्हणायचो, "काय न्हाई, तुला भास हुतोय." मग उघडून बघितलं की काहीतरी निघायचंच. एकदा म्हणाली, "शिट्टी वाजवीत आलाव." पाण्याचा रबरी पाइप चिरला होता आणि वाफ बाहेर पडत होती. मी त्याच्यावरच बसून आलो होतो आणि मला काही ऐकू आलं नव्हतं.

आता घरात मी, सून चांगुणा आणि तिची तान्ही मुलगी चिमी, एवढेच. मुलगा गोरक्ष साखर कारखान्यावर कामाला, तो आठवड्यानं येऊन जातो. आमच्याकडं सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. बनुबाई होती तोवर याची अडचण नव्हती. माझं बोलणं ती सुनेला सांगायची, सुनेचं मला. ती गेली आणि मधला माणूसच राहिला नाही. मग चांगुणा चिमीशी बोलायला लागली. दाराआडून म्हणायची, "चिमे, आज्याला म्हनावं, भाकरी वाढलीया." चिमीला अजून दातही आले नव्हते. मीही चिमीलाच सांगायचो, "चिमे, मी पाटावर चाललो म्हनावं." असं आमचं चालायचं. ज्या गोष्टी तान्ह्या मुलीला सांगता येत नाहीत त्या राहून जायच्या.

पोळ्याच्या दिवशीच तो आवाज सुरू झाला.

पोळा आमच्या घरात झाला नव्हता. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. बैल विकल्यापासून बनुबाई पोळ्याला ट्रॅक्टरचीच पूजा करायची. आदल्या संध्याकाळी लोक बैलांचे खांदे मळतात, जिथं जू बसतं तिथं लोणी आणि हळद चोळतात, तसं ती ट्रॅक्टरचंही करायची. शेजारचा पुंजाराम हसायचा. म्हणायचा, "वहिनी, त्याला कडबा बी टाका." ती म्हणायची, "वढतोय ना? मग दुखत आसंल." यंदा पोळ्याच्या आधी मी चिमीला मोठ्यानं सांगितलं, "औंदा या घरात काय करायचं न्हाई. ट्रॅक्टरला बी न्हाई." दाराआड बांगड्या हलल्या असतील, मला ऐकू आल्या नाहीत.

पोळ्याच्या दिवशी भरली टाकी घेऊन चढाच्या मध्यावर आलो आणि आतून ठक, ठक, ठक सुरू झालं. कुणी लहान हातोडी घेऊन आत बसलंय आणि बाहेर यायला मागतंय, असं. थांबलो. गिअर काढला. आवाज गेला. गिअर टाकून पुन्हा ओढायला लावलं तसा पुन्हा आला. रॉकेलवरून पेट्रोलवर घेतला तर कमी झाला. घरी येऊन टाकी रिकामी केली आणि परत खाली गेलो, रिकाम्या ट्रॉलीला काही आवाज नव्हता. सकाळी थंड इंजिनवर काही नाही. दुपारी, भरलेला, चढाला, की ठक ठक.

मी बाभळीची सरळ काठी घेतली. एक टोक इंजिनवर ठेवलं आणि दुसरं दातांत धरलं. कान गेलेल्या माणसाला दातांनी ऐकता येतं. असं पुढून, मागून, खालून बघितलं. इंजिन जागेवर चालू असताना दातांत नुसती गुरगुर यायची. चढाला ट्रॅक्टर चालू असताना काठी कोण धरणार? रोज तो आवाज थोडा लवकर यायला लागला. आधी मध्यावर यायचा, मग चढ सुरू झाला की लगेच.

श्रीरामपूरच्या बाजारला गेलो तेव्हा मोझेसला सांगून आलो. मोझेस मिस्त्री हा आमच्या भागातल्या सगळ्या ऑइल इंजिनांचा डॉक्टर. बोलका माणूस. बनुबाईच्या दहाव्याला आला होता आणि लांब उभा राहून परत गेला होता. सोमवारी सायकलवर पान्यांची पिशवी बांधून तो वस्तीवर आला.

"बोला तात्या, काय म्हनतोय तुमचा म्हातारा?"

"कोनता? मी का त्यो?"

"तुमचं मला काय जमनार न्हाई. त्याचंच बघतो."

मी आवाज कसा येतो ते सांगितलं. त्यानं तेलाची काडी काढली, तेल बोटांत चोळलं, वास घेतला.

"पातळ झालंय तात्या. तेलात रॉकेल उतरतंय."

"ते पयल्यापासून उतरतंय."

"रेडिएटरमधलं पानी खातोय का?"

"खातोय की. औंदा कोन खात न्हाई?"

"ते बी खरं. आमची सारा मला तेच म्हनती, जेवतोस कमी आन पितोस लई. म्या म्हनलं, पानीच पितोय, देवाची आन." असं म्हणून त्यानं पुढं वाकून पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला. पट्टा चांगला ताणलेला होता. त्यानं अंगठा बघितला आणि पँटला पुसला. "हितं ग्रीस कुनी थापलंय?"

"कोन थापनार? माझाच हात लागला आसंल."

त्यानं इंजिन चालू केलं. एकेका प्लगची तार काढून बघितली. मला सांगत होता, आतल्या एखाद्या बेरिंगला मार बसला असला तर त्या सिलिंडरची तार काढली की ठोका बंद पडतो. पण उभ्या इंजिनला मुळात ठोकाच नव्हता, तर बंद काय पडणार? म्हणून आम्ही पाटावर गेलो. दोघांनी बादल्या मारून टाकी भरली. येताना मोझेस मडगार्डवर बसला, एक हात बॉनेटवर ठेवून, डोळे मिटून. चढ लागला आणि ठक ठक सुरू झालं. त्यानं डोळे उघडले. आणखी थोडं पुढं गेल्यावर ओरडून म्हणाला, "तात्या, ट्रॉलीचं चाक लई चिरकतंय. त्येल मागतंय त्ये."

"ते बारा महिने मागतंय," मी म्हणालो. मला चाक ऐकू येत नव्हतं, पण सगळे तसं म्हणायचे.

वर आल्यावर त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून चाकाला टेकून उभा राहिला. चांगुणानं दारात चहा ठेवला आणि ती आत गेली. मोझेसनं चहा घेतला.

"बेरिंग वाटतंय," तो म्हणाला.

"वाटतंय?"

"खोटं कशाला बोलू? बेरिंग आसलं तर रिकाम्यात बी थोडं बोलाया पाहिजे. ह्ये नुसतं वजनाखाली बोलतंय. म्हंजे आत्ता कुठं सुरुवात हाय. पन तात्या, आसंच वढत राह्यलात तर एक दिस आतला दांडा इंजिनचं पोट फोडून भाइर यील. मग त्याचं काय ऱ्हानार न्हाई. भंगारात जाईल."

"मग?"

"खोलावं लागंल. हितं धुळीत न्हाई खोलता यायचं, माझ्या शेडला न्यावं लागंल. आन बेरिंग हितं न्हाई मिळायचं. आसल्या जुन्या मालाला मुंबईला मानूस पाठवावा लागतो. मिळंल तवा मिळंल."

"म्हंजे किती?"

"महिना धरा. जास्तच धरा."

आम्ही दोघंही बागेकडं बघत होतो. महिनाभर पाणी मिळालं नाही तर आधी फळ गळणार, मग पान, मग झाडं. मोझेसला ते सांगायला लागलं नाही. तो म्हणाला, "बैलगाडीनं आनता यील का पानी?"

"बैल कुठंयत? हायेत ते लोकांनी सोडले, न्हाईतर इकले."

"व्हय."

"ने," मी म्हणालो. "उद्याच ने. बाजारातल्या कुन्या शेठच्या ट्रकला सांग, मागं बांधून घिऊन जा."

"इचार करा तात्या. एक रात."

"काय इचार करायचाय? ने म्हनलं ना."

माझा आवाज चढला असेल. चिमी आत रडायला लागली. मोझेस पिशवी बांधून गेला.

त्या दिवशी मी पुन्हा पाटावर गेलो नाही. आणलेली टाकी आळ्यांत ओतली आणि बांधावर बसलो. अर्ध्या झाडांना पाणी मिळालं, अर्ध्यांना नाही. खरं सांगायचं तर मला मोकळं वाटलं. बनुबाईला मी वाचवू शकलो नाही, बागेला कोण वाचवणार? रोज सकाळी उठून बादल्या मारायच्या, ते आता नको. झाडं वाळली की तोडून टाकू, सरपण होईल. बांधावर बसून मी हे सगळं व्यवस्थित ठरवलं. शेजारून पुंजाराम शेळ्या घेऊन चालला होता. "काय भिमाजी, टाकी न्हाई आज?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "झालं आता." तो शेळ्यांच्या मागं गेला.

दिवस कलल्यावर उठलो तर घराजवळच्या पहिल्या झाडाचं आळं ओलं दिसलं. मी तिथं पाणी घातलेलं नव्हतं. वाकून बघितलं. पाण्यावर राख तरंगत होती आणि भाताची शितं होती. चांगुणानं भांडी घासलेलं पाणी तिथं आणून ओतलं होतं. पुढच्या झाडाच्या आळ्यात साबणाचा फेस होता. मी काही बोललो नाही. बोलायचं तर चिमीला सांगावं लागलं असतं आणि ती झोपली होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा मोझेस ट्रक घेऊन आला. ड्रायव्हर खाली उतरला नाही, बिडी पीत बसला. मोझेसनं साखळी काढली आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला बसून ती बांधायला लागला. मी ट्रॉली सोडवत होतो.

चांगुणा दारात आली. पदर कपाळाच्या खाली ओढलेला, काखेत चिमी. नेहमी ती दाराच्या आत उभी राहते. आज उंबऱ्याच्या बाहेर उभी होती.

"चिमे," ती म्हणाली, आणि थांबली. मग जरा मोठ्यानं, "चिमे, मिस्तरीमामाला म्हनावं, आधी चिरकतंय आन मग ठोकतंय."

मोझेसनं मान वर केली. "काय म्हनली पोर?"

"म्हनावं, ट्रॉलीचं चाक येगळं. त्ये चाक फिरंल तसं चिरकतं, थांबून थांबून. ह्ये येगळं हाय. चढ लागला की एकसारखं चिरकतंय, लांबलचक, लहान पोर रडल्यावानी. त्ये थोडा येळ चालतं आन मगच ठक ठक हुतंय. चाकाचं त्ये मला ठावं हाय, दोन वर्सं ऐकतीया. ह्ये पोळ्यापासनंच हाय."

मोझेस उठून उभा राहिला. "तात्या, तुमाला ऐकू आलंवतं का ह्ये?"

"मला बारीक काय ऐकू येत न्हाई," मी म्हणालो. आणि मग मलाच कळलं, की हे मी मोझेसला आधी सांगितलंच नव्हतं. मी त्याला फक्त जाडा आवाज तेवढा सांगितला होता. त्यानं विचारलं नाही, कारण एवढ्या वर्षांत ट्रॅक्टरचं दुखणं सांगायला मी आलो की अर्धं बनुबाईनं सांगितलेलं असायचं.

"चिरकतं, मग ठोकतं," मोझेस स्वतःशी म्हणाला. तो खाली बसला. पट्ट्याकडं बघितलं. कालचा अंगठा आठवला असावा, कारण त्यानं तोच अंगठा पुन्हा पट्ट्याच्या आतल्या बाजूला घासला आणि या वेळी पँटला पुसला नाही. नाकाजवळ नेला.

"तात्या."

"काय?"

"ह्ये ग्रीस न्हाई."

मी जवळ गेलो. त्यानं अंगठा माझ्यापुढं धरला. वरून काळी धूळ, खाली पिवळं. मी वास घेतला. आंबूस, खवट लोणी. आणि हळद.

मी दाराकडं बघितलं. चांगुणाची मान खाली होती. चिमी तिच्या पदराचं टोक चोखत होती.

"कुनी लावलं?" मी विचारलं. चिमीला विचारल्यासारखं नाही. सरळ विचारलं.

तिनं चिमीला दुसऱ्या काखेत घेतलं. मग बोलली तेव्हा तिनंही चिमीचं नाव घेतलं नाही.

"आत्याबाईनी सांगितलंवतं. आंथरुनात हुत्या तवा. म्हनल्या, म्या आसो नसो, ट्रॅक्टरचा खांदा मळायचा चुकवू नगं. तुमी न्हाई म्हनला. पन त्यांनी हातात हात घिऊन सांगितलंवतं. म्हून म्या दिवेलागनीला गुपचूप…" ती थांबली. "दुसऱ्या दिसापासनं ठोकायला लागलं. मला वाटलं, दुखवटा आस्ताना क्येलं म्हून झालं. माझ्याच हातानं झालं. कसं सांगनार?"

ट्रकचा ड्रायव्हर आता खाली उतरून बघत होता.

"पन पट्ट्याला का लावलंस बाई?" मोझेस म्हणाला.

"खांद्याला लावलं," रेडिएटरकडं बोट करत ती म्हणाली. "बैलाचा खांदा डोक्याच्या मागं आसतो. त्याचं डोकं ह्ये. मग खांदा हितंच ना? जिथं फिरतंय, जिथं जोर लागतोय तिथं. चांगलं दाबून चोळलं म्या. वाटीभर."

मोझेसनं अंगठा पुन्हा बघितला. मग त्याला हसू आलं आणि ते थांबेना. "वाटीभर लोनी! तात्या, औंदा मानसाला ताक मिळंना आन तुमच्या इंजिनानं वाटीभर लोनी खाल्लं. मग काय जीव हाय त्याला ठोकल्याबिगर?" ड्रायव्हरही हसायला लागला. चांगुणानं पदर आणखी खाली ओढला, पण तिचेही खांदे हलले असं मला वाटलं.

मग त्यानं मला समजावून सांगितलं. पट्टा लोण्यावर घसरतो. रिकामा असताना कसाबसा फिरतो, चढाला जोर लागला की घसरायला लागतो, तेच ते चिरकणं. पट्टा घसरला की पंखा आणि पाण्याचा पंप मंद होतात. इंजिन तापतं. तापलेल्या इंजिनात रॉकेल वेळेआधी पेटतं आणि आत ठोके बसतात. म्हणून थंड असताना काही नाही, रिकाम्याला काही नाही, पेट्रोलवर कमी. सगळं आमच्यासमोर होतं. पाणी जास्त खातोय हेही मी सांगितलं होतं आणि दोघं हसलो होतो.

"रॉकेलनं पुसू का?" मी विचारलं.

"नगं. रबर फुगंल."

"राख हाय," चांगुणा म्हणाली. "तुपाचं भांडं आमी राखंनंच घासतो."

मोझेसनं पट्टा उतरवून दिला. तिनं चिमीला माझ्याकडं दिलं, सरळ माझ्या हातात, आणि चुलीतली राख आणि गरम पाणी घेऊन बसली. पट्टा तिनं आतून बाहेरून घासला, दोनदा धुतला, दगडावर वाळत टाकला. मोझेसनं पुलीच्या खाचा ओल्या फडक्यानं आणि राखेनं घासून काढल्या. काळं पिवळं पाणी खाली गळत होतं. चिमी माझी मिशी ओढत होती. ड्रायव्हर म्हणाला, "मग मी जाऊ का?" मोझेस म्हणाला, "थांब, चढ चढला तर जा."

पट्टा बसवला. रेडिएटरमध्ये पाणी घातलं. मी एकटाच पाटावर गेलो. मोझेस येतो म्हणाला, तर मी म्हणालो, तू हितंच थांब, ती ऐकंल. टाकी काठोकाठ भरली. हात भरून आले होते. आदल्या दिवशी बांधावर बसून जे ठरवलं होतं ते आठवलं आणि पुन्हा तसंच वाटलं, की हे सगळं कशाला. तरी रॉकेलवर टाकला आणि चढ घेतला.

मधल्या टप्प्यावर मी कान देऊन बसलो. गुरगुर. नुसती गुरगुर. बाभळीचं वळण आलं. एक बारीक ठोका आला, एकच, किंवा मला वाटलं. मग काही नाही. वर वस्तीवर मोझेस कमरेवर हात ठेवून उभा होता. चांगुणा बागेच्या कोपऱ्यापर्यंत पुढं आली होती, मान एका बाजूला कलवून. बनुबाई चुलीपाशी बसून ऐकायची, त्यामुळं ऐकताना ती कशी दिसायची ते मी कधी बघितलंच नव्हतं.

मी इंजिन बंद केलं. मोझेसकडं बघितलं नाही.

"चिरकला का?" मी विचारलं.

"न्हाई मामंजी," चांगुणा म्हणाली. "ट्रॉलीचं चाक तेवढं चिरकतंय. त्याला खरंच त्येल घाला."

मोझेस म्हणाला, "बेरिंग म्हातारं झालंय, त्ये खोटं न्हाई. कधीतरी खोलावं लागंल. पन फळ उतरूस्तोवर वढंल. तेल तेवढं बदला." मग ड्रायव्हरला हाक मारून तो साखळी गोळा करायला गेला.

मी ट्रॅक्टरच्या मागं आलो. ट्रॉली जिथं जोडतो तो जाड लोखंडी आकडा, त्याला बोट लावलं. मागच्या वर्षीची हळद कोपऱ्यात अजून थोडी होती, वाळून चिकटलेली.

"हितं," मी म्हणालो. "खांदा हितं आसतो त्याचा. वजन हितं पडतं. ती हितं लावायची."

चांगुणा वाकून बघत राहिली. "मला कुनी दावलंच न्हाई," ती म्हणाली.

"व्हय. कोन दावनार?"

पुढच्या वर्षी थोडंच लाव, असं म्हणणार होतो, पण पुढच्या वर्षाचं बोलवेना. मी टाकीची तोटी सोडली. कालची अर्धी झाडं राहिली होती, तिकडून सुरुवात करायची होती. चांगुणानं चिमीला झाडाखाली गोधडीवर ठेवलं आणि दुसरी बादली उचलली.